काळी तीन, सहा मात्रा

[दृश्य: उघड्या पियानोच्या आत. एक हातोडी तारेवर उठते, परत बसते.]

बोटाच्या पेराएवढी ही हातोडी. डोक्यावर चामड्याची पातळ पट्टी. ती तारेला लागते आणि तिथेच मागे पडते. स्वर उमटतो. नीट कान द्या, उमटल्या क्षणापासून तो विझायला लागलेला असतो.

आंटोन वाल्टर हा व्हिएन्नातला पियानो घडवणारा कारागीर. त्याच्या पियानोबरहुकूम घडवलेलं हे वाद्य आहे. संगीतकार मोझार्टकडे खुद्द वाल्टरचा पियानो होता. तो आज साल्झबुर्गला जपून ठेवलाय. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या. आजच्या मैफलीच्या पियानोला ८८ असतात, आणि आत ओतीव लोखंडाचा सांगाडा असतो. इथे तारांचा सगळा ताण लाकडावर. पायाखाली पेडल नाही. स्वर लांबवायचा तर पट्ट्यांखालची दांडी गुडघ्यानं वर ढकलायची.

[दृश्य: पट्ट्यांवरून सरकता कॅमेरा.]

रंगसुद्धा उलटे. खालच्या पट्ट्या काळ्या, वरच्या पांढऱ्या. आज आपण मोझार्टच्या एका पियानो कॉन्चेर्तोचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, मधला संथ भाग ऐकणार आहोत. त्याचा षड्ज आहे एफ शार्प. आपल्या पेटीवाल्यांची काळी तीन. मोझार्टच्या घरी ही काळी तीन पांढरी होती.

[दृश्य: व्हिएन्ना, डोमगासे. अरुंद गल्ली, दरवाजा, जिना.]

सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या मागची ही गल्ली. १७८४ ते १७८७ मोझार्ट इथे राहिला. १७८५ च्या मार्चमध्ये त्याचे वडील लेओपोल्ड इथेच मुक्कामाला होते. मुलीला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, मी आल्यापासून पियानो निदान बारा वेळा तरी घरातून नाट्यगृहात नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी गेलाय. म्हणजे कोणी तरी तो उचलून नेत होतं, परत आणत होतं. वाद्य हलकं होतं. हा हलकेपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[दृश्य: हस्तलिखिताची छापील प्रतिकृती. बोट एका शब्दावर थांबतं.]

२ मार्च १७८६. मोझार्टनं आपल्या रचनांच्या वहीत ए मेजर कॉन्चेर्तोची नोंद केली. केख्लनं केलेल्या मोझार्टच्या रचनांच्या यादीत हा ४८८ वा. पहिला आणि तिसरा भाग ए मेजरमध्ये, म्हणजे पांढरी सहा. मधला भाग एफ शार्प मायनर. पांढरी सहाच्या बिलावलातला धैवत घ्या आणि त्यालाच षड्ज माना. मूर्च्छनेचाच हा हिशेब. स्वर तेच, घर बदललं. गंधार, धैवत, निषाद कोमल झाले. षड्जावर परतताना मात्र निषाद शुद्ध लागतो. एफ शार्प मायनरमध्ये मोझार्टनं लिहिलेला हा एकमेव भाग.

आणि लय सांगणारा हा शब्द पाहा. अदाजो. मोझार्टच्या हातचा. एकोणिसाव्या शतकातल्या काही छापील प्रतींत त्याच्या जागी आंदांते, म्हणजे चालत्या लयीत, आलं, आणि लय नेमकी कोणती, हा घोळ सुरू झाला. लय मोजणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचा आकडा शोधून उपयोग नाही. मेल्झेलनं त्या यंत्राचं पेटंट घेतलं १८१५ साली, मोझार्ट गेला १७९१ मध्ये. माझ्या मते हस्तलिखितातला शब्दच खरा धरायचा, पण त्याचा अर्थ नीट समजून. इटालियनमध्ये अदाजो म्हणजे निवांत, सवडीनं. ओढत नेणं त्यात कुठेच नाही.

[दृश्य: वादकाचे हात. पियानो एकटाच.]

सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट. मोजायला दादऱ्यासारखं. पण गटाची सुरुवात ऐका: दीड, अर्धी, एक. दीड, अर्धी, एक. ही सिचिलियानाची चाल, मेंढपाळांच्या गाण्याशी जोडलेली. हिला झोका आहे. फार सावकाश वाजवलं की झोका थांबतो आणि सहा सुटे स्वर हातात उरतात.

आजच्या मोठ्या पियानोवर ही चूक लपते, कारण तिथे स्वर बराच वेळ टिकतो. या हलक्या वाद्यावर, चामडी हातोडीपुढे, ती लपत नाही. लय जरा ओढली की एक स्वर विझून जातो आणि पुढचा अजून आलेलाच नसतो. वाद्यच वादकाला पुढे घेऊन जातं.

[आवाज: पियानोची सुरुवात, मग वाद्यवृंद.]

इथे. हा जी मेजरचा सूरमेळ. आपल्या षड्जापासून मोजला तर कोमल रिषभ, मध्यम, कोमल धैवत. कोमल रिषभावर आख्खा मेळ उभा करायचा आणि तिथून परत षड्जाकडे यायचं.

[दृश्य: क्लॅरिनेटवादक, बासरीवादक.]

या कॉन्चेर्तोत ओबो नाहीत, ट्रम्पेट आणि नगारे नाहीत. एक बासरी, दोन क्लॅरिनेट, दोन बसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. मधेच क्लॅरिनेट आणि बासरी पांढरी सहावर येतात, थोडा वेळ ऊन पडतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनच्या दरबारासाठी हा कॉन्चेर्तो पाठवताना मोझार्टनं कळवलं होतं की क्लॅरिनेट नसतील तर ते स्वर व्हायोलिन आणि व्हियोलाला द्या.

[दृश्य: तारा बोटांनी छेडणारे वादक. पियानोवर एकच बोट.]

शेवटाकडे तंतुवाद्यं गज बाजूला ठेवतात. पियानो एकेक स्वर घेतो, तळातून थेट वर, मधलं सगळं मोकळं सोडून. काही वादक ही मोकळी जागा ताना-हरकतींनी भरतात. त्या काळातली तशी सजवलेली एक प्रत टिकूनही आहे, त्यामुळे त्यांना चूक म्हणता येत नाही. आमच्या वादकानं जागा मोकळी ठेवली. झोका चालू असला की ती रिकामी वाटत नाही.

पुढे लगेच तिसरा भाग, वेगवान. या कॉन्चेर्तोनंतर दोन महिन्यांनी व्हिएन्नात त्याच्या ‘फिगारो’ या ऑपेराचा पहिला प्रयोग. पाच वर्षांनी मोझार्ट गेला.

[दृश्य: पुन्हा हातोड्यांची रांग, स्थिर.]

आता हा भाग पहिल्यापासून. मी मधे बोलणार नाही.

[आवाज: दीड, अर्धी, एक.]