विझायला हवा तो दाह

ट्युमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे ‘गाठ सडवणारा घटक’, हा दाह (शरीराची सूज-लालीची प्रतिक्रिया) पेटवणारा संदेशरेणू; पण त्याच्या नावावर जाऊ नका. १९७५ साली उंदरांच्या सीरममधल्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातल्या) एका घटकाने कर्करोगाच्या गाठी सडल्या, म्हणून त्याचं बारसं तसं झालं. पुढे १९९९ मध्ये दिसलं की ज्या उंदरांत हा रेणू तयारच होत नाही, त्यांच्या कातडीवर कर्करोगकारक रसायनं लावूनही गाठी फार कमी येतात. एकदम भरपूर मिळाला तर तो गाठीच्या रक्तवाहिन्या मोडतो. थोडाथोडा, महिनोन्‌महिने झिरपत राहिला तर गाठीलाच पोसतो.

संदेश किती वेळ टिकतो ही मुदतीची गोष्ट इंटरल्यूकिन-६ या दाहाच्याच दुसऱ्या संदेशरेणूत जास्त स्वच्छ दिसते. तो पेशीवरच्या ग्राहीला चिकटला की जीपी-१३० हे प्रथिन जवळ येतं, आतले जॅक किनेज (फॉस्फेट चिकटवणारी विकरं) जागे होतात आणि स्टॅट-३ या प्रथिनातल्या ७०५ व्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतं. मग स्टॅट-३ केंद्रकात जाऊन पेशीला विभाजनाला लावणारी आणि मरणापासून वाचवणारी जनुकं चालू करतो. सोबत सॉक्स-३ हे प्रथिनही तयार होतं. ते जॅकला आवरतं. निरोगी पेशीत संदेश असा आपोआप विझतो.

हे बघायचं तर पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवा, मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम इंटरल्यूकिन-६ द्या, आणि ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी बर्फावर फोडा. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फेट लागलेल्या स्टॅट-३ ची पट्टी साधारण १५ ते ३० मिनिटांत गडद होते, मग उतरते. शून्यालाच गडद आली तर आधी आपल्या माध्यमावर संशय घ्या: त्यात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या कवचातलं विष) असेल तर काही पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडतात. कुठेच पट्टी नसेल तर बहुधा ऑर्थोव्हॅनाडेट हे रोधक रसायन घालायचं राहिलंय आणि फॉस्फेटेज या विकराने फॉस्फेट काढून टाकलंय. ब्लॉटची रिकामी जागा झाकायला दुधाची पूड तर नकोच. दुधातल्या केसिन या प्रथिनावरच फॉस्फेट असतात.

प्रोस्टेट कर्करोगाच्या डीयू-१४५ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत मात्र शून्याची पट्टी खरी असते, कारण त्या आपला इंटरल्यूकिन-६ आपणच बनवतात. गंमत पीसी-३ या तशाच दुसऱ्या पेशींची. त्याही हा रेणू भरपूर सोडतात, पण त्यांच्यात स्टॅट-३ चं जनुकच नाही, तरी त्या मजेत वाढतात!

माणसांत काय झालं? २०१७ ची कँटॉस चाचणी: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) लिटरला २ मिलिग्रॅम किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. कॅनाकिनुमॅब हे औषध दर तीन महिन्यांनी. ते इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा आणखी एक संदेशरेणू अडवतं, त्यामुळे इंटरल्यूकिन-६ ही खाली येतो. ३०० मिलिग्रॅमच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान प्लासिबो (औषध नसलेलं नकली इंजेक्शन) घेणाऱ्यांपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, आणि चाचणी मुळात हृदयासाठी आखलेली होती, हे विसरू नका.

पुढे पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात तेच औषध केमोथेरपी आणि इम्युनोथेरपीच्या जोडीने दिलं. रुग्ण जास्त जगले नाहीत. माझा कयास असा की तोवर गाठ दाहाच्या आधाराशिवाय उभी राहायला शिकलेली असते. पण मग शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावर दिलं, तेव्हाही रोगमुक्त काळ लांबला नाही. त्यामुळे ‘लवकर द्या’ एवढ्यानेही हिशेब जुळत नाही.