मोठ्यानं मोजायचं
(शेवटच्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांसमोरच्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नातेवाइकांची एक तक्रार हमखास असते. ‘सिस्टर, नाव काय, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, कसली ॲलर्जी, हेच सकाळपासून सगळे विचारतायत. फाइलीत लिहिलेलं नसतं का?’ असतं. तरी विचारायचं. आणि विचारताना नाव आपण पुरवायचं नाही. ‘तुम्ही सुनंदाबाईच ना?’ म्हटलं की भेदरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा,’ एवढंच म्हणायचं.

उपाशीपोटाचंही तसंच. ‘काही खाल्लं नाही ना?’ याचं उत्तर ठरलेलं: ‘छे हो, नुसता चहा घेतला.’ चहात दूध असतं, आणि दुधाला पोटाच्या हिशेबात खाण्याइतकेच, म्हणजे सहा तास धरायचे. तळलेलं असेल तर आठ. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. तेव्हा प्रश्न असा हवा: शेवटचं तोंडात काय गेलं, आणि किती वाजता? याची दुसरी बाजूही बघा. ऑपरेशन दुपारी दोनला आणि आजोबांच्या घशात रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, हे अजूनही सर्रास चालतं. त्यात मधुमेह असेल तर साखर उतरते. यादीत नंबर मागे गेला की भूलतज्ज्ञांना गाठून विचारा, पाणी देऊ का? डॉक्टर आपण होऊन सांगतील म्हणून वाट बघत बसू नका.

कवळी, नेलपॉलिश, दागिने काढायचे, हे तुम्हाला पाठ आहे. मंगळसूत्रावरून मात्र हुज्जत घालू नका. कॉटरीनं (रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणानं) भाजायचा धोका असतो हे नीट सांगा, घरच्यांच्या हाती द्या, नोंद करून सही घ्या.

आता थिएटर. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबायचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही!

यातलं आपल्या अंगावरचं काम म्हणजे मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) मोजणं. रक्तानं भिजलेला मॉप पोटात आतड्यासारखाच दिसतो, समोर असून सापडत नाही. म्हणून स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हाती साहित्य देणारी) आणि बाहेरची सिस्टर, दोघींनी एकेक सुटा करून मोठ्यानं मोजायचा आणि फळ्यावर लिहायचा. सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि पुन्हा कातडीचे टाके घालताना. पाकिटावर पाच छापलंय म्हणून आत पाचच असतील असं धरू नका. हिशेब जुळला नाही तर ‘सर, एक मॉप कमी आहे’ हे तिथल्या तिथे म्हणायचं. सर वैतागतील, घड्याळाकडे बघतील. बघू देत. आधी पोटात, मग बादलीत, जमिनीवर, पायाखाली शोधायचं. नाहीच मिळाला तर एक्स-रे. मॉपमधली पट्टी त्यात दिसते, ती त्यासाठीच घातलेली असते.

ऑपरेशननंतर पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन. तरुण पेशंटच्या आत रक्तस्राव होत असला तरी बीपी बराच वेळ टिकून राहतं, आधी नाडी चढते. ८० ची ९६, मग ११०. हातपाय गार पडतात, पेशंट चुळबुळ करतो, पाणी मागतो. ‘दुखत असेल’ म्हणून नुसतं वेदनेचं इंजेक्शन देऊन मोकळं होऊ नका. मागचे आकडे बघा, लघवीची पिशवी बघा. तासाला ३० मिलीच्या खाली गेली तर डॉक्टरांना फोन. आणि पोटावरचं ड्रेसिंग कोरडं दिसलं तरी कमरेखाली हात घालून बघा. रक्त उताराकडे जातं, वरची पट्टी पांढरी राहते आणि खालची चादर भिजते. रात्रीच्या ड्युटीत हात घालण्याआधी पेशंटला सांगा मात्र, नाहीतर तो दचकतो. ग्लोव्हज घालायचे, हेही सांगायला लागू नये.