एकरी झडती नको, क्विंटलचा खर्च सांगा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. काटोल असो, भिवापूर असो की मौदा, सोयाबीन निघालं की पारावर एकच प्रश्न असतो, 'एकरी झडती किती?', म्हणजे एकरामागे पीक किती निघालं. आठ पोते म्हणणाऱ्याची मान ताठ, चारवाला गप्प. त्या आठ पोत्यांवर खर्च किती झाला, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

समजा, एकरी वीस हजार खर्च आला. पाच क्विंटल झालं तर क्विंटलमागे चार हजार पडले. तीनच झालं तर साडेसहा हजारांच्या वर. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव होता 5,328 रुपये. म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला तरी तीन क्विंटलवाला तोट्यात. आणि बाजारात तेवढा भाव मिळाला का, हे तुम्हीच जाणता.

हा वीस हजारांचा आकडा काढताना घरच्या माणसांची मजुरी सोडू नका. वहिनी दिवसभर निंदणात वाकतात, त्यांचा रोज फुकटात धरला तर हिशोब कागदावर गोड दिसतो, एवढंच. वावर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, घेतलं असेल तर मक्ताही धरा. एक शंभर पानी वही पुरते. ज्या दिवशी पैसा गेला त्याच दिवशी लिहा, महिन्यानं आठवून नको.

वही दोन हंगाम चालली की पैसा कुठे झिरपतो ते दिसायला लागतं. बियाणंच घ्या. सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं, कारण ते सरळ वाण आहे, संकरित नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बेधडक पेरा. कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर ते बाजूला ठेवा. कपाशीचं तसं नाही, बीटी संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं.

आता जोखमीचं. पेरणीची घाई हे आपल्याकडचं सगळ्यात महाग व्यसन आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा. दुबार पेरणी म्हणजे तोच खर्च दोनदा आणि पीक एकदाच. सोयाबीनच्या सहा तासांनंतर (म्हणजे ओळींनंतर) तुरीचं एक तास टाकलं, तर पावसानं सोयाबीनला दगा दिला तरी पुढे तूर हाती लागते. फक्त पाणी साचणारी जागा तुरीला देऊ नका, तिथे ती उधळते, म्हणजे उभ्यानं वाळते.

विम्याबाबत एक गैरसमज आहे. एक रुपयातला पीक विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता सोयाबीन, तूर, भात यांना विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि कपाशीला 5 टक्क्यांपर्यंत हिस्सा आपल्याला भरावा लागतो. भरपाई ठरते पीक कापणी प्रयोगातल्या (भागातल्या काही निवडक वावरांत पीक कापून मोजलेल्या) सरासरी उत्पन्नावर, म्हणजे एकट्या तुमच्या वावराचं नुकसान झालं म्हणून पैसे येतील असं धरून चालू नका. विमा जरूर काढा, पण वहीत तो खर्चाच्या बाजूला लिहा, जमेच्या नाही.

विक्रीची गोष्ट सगळ्यात अवघड, कारण दिवाळीला पैसा लागतोच. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल घ्यायची, व्याज सालीना 6 टक्के, मुदत 180 दिवस. माल वाळवलेला आणि चाळलेला हवा. तुमच्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, हे आताच विचारून घ्या, हंगामात कोणाला बोलायला सवड नसते. भाव वाढेलच याची हमी कोणी देत नाही, तेव्हा सगळा माल अडकवू नका, गरजेपुरता विकून बाकीचा ठेवा.

संत्र्याच्या बागायतदारांना हे गोदाम उपयोगाचं नाही. तुमचा सौदा झाडावरच होतो. इसार घेतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या, तोड कोणत्या तारखेपर्यंत, उरलेली रक्कम कधी, आणि मधल्या काळात फळगळ झाली तर ती कोणाची. तारीख घाला, व्यापाऱ्याची सही घ्या, साक्षीदाराचीही घ्या, आणि चिठ्ठीची एक प्रत त्याच वहीत चिकटवून ठेवा.