कर्नलला बाजूला बसवताना

मघाशी एकाने विचारलं, "आरडीएमएसाठी 100 गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घातलं की झालं ना?" कार्ड घालायला दहा मिनिटं लागतात हो. पुढचे दोन दिवस कशात जातात, ते सांगतो.

नेहमीच्या नेटवर्किंगमध्ये प्रत्येक पॅकेट कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, हातून जातं. तो ते उचलतो, तपासतो, प्रोग्रामच्या मेमरीत कॉपी करतो. आरडीएमएमध्ये (रिमोट डायरेक्ट मेमरी अॅक्सेस) आपण समोरच्या सर्व्हरला आपल्या मेमरीचा पत्ता आणि एक किल्ली देऊन ठेवतो. मग त्याचं कार्ड आपल्या कार्डाशी परस्पर बोलतं आणि डेटा थेट त्या जागी लिहिला जातो. आपल्या सीपीयूला पत्ताही लागत नाही. म्हणून चांगल्या जोडणीवर एक-दोन मायक्रोसेकंदांत काम होतं. पुण्यात सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक आहे, त्याचे नोड, म्हणजे आतले सर्व्हर, इन्फिनिबँड या आरडीएमएवाल्या जोडणीने जोडलेत ते याचसाठी.

पण कर्नल बाजूला बसला की त्याची राखणही जाते. पॅकेट टिपणारं टीसीपीडंप लावलात तर हा डेटा सहसा दिसत नाही, सर्व्हरवरच्या फायरवॉलच्या नियमांनाही तो दिसत नाही. आणि पिंग चाललं म्हणून हुरळून जाऊ नका, पिंग कर्नलमधूनच जातं.

आम्ही पहिल्यांदा दोन सर्व्हर एका इन्फिनिबँड केबलने थेट जोडले. दिवे लागले. पोर्टची स्थिती दाखवणाऱ्या आयबीस्टॅटमध्ये फिजिकल स्टेट 'लिंकअप', पण स्टेट मात्र 'इनिशियलायझिंग'. दुपारपर्यंत केबल बदलत बसलो! इन्फिनिबँडमध्ये प्रत्येक पोर्टला पत्ता वाटून देणारा सबनेट मॅनेजर लागतो. काही स्विचमध्ये तो असतो, आमच्याकडे स्विचच नव्हता. एका सर्व्हरवर ओपनएसएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधला सबनेट मॅनेजर, सुरू केलं आणि काही सेकंदांत स्टेट 'अॅक्टिव्ह'.

मग मेमरीचं दुखणं. कार्ड प्रत्यक्ष मेमरीत लिहिणार, म्हणजे त्या मेमरीची पानं मध्येच स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, जाऊन चालणार नाहीत, ती जागेवर खिळवून ठेवावी लागतात. साध्या युजरला किती मेमरी खिळवता येईल याला लिनक्स मर्यादा घालतो. पूर्वी 64 केबी असायची, कर्नल 5.16 पासून 8 एमबी झाली. दोन्ही इथे चिल्लर. सर्व्हरमध्ये 256 जीबी रॅम असते आणि प्रोग्राम म्हणतो मेमरी मिळाली नाही! लिमिट्सच्या फाइलमध्ये मेमलॉक, म्हणजे हीच मर्यादा, 'अनलिमिटेड' करा. सर्व्हिस सिस्टमडीने (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) उठत असेल तर तो ती फाइल वाचत नाही, तिथे त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये लिमिटमेमलॉक वेगळं लिहावं लागतं. टर्मिनलमध्ये चालतं आणि रीबूटनंतर चालत नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

आरडीएमए इन्फिनिबँडऐवजी इथरनेटवरून करायचं तर रोसी (आरडीएमए ओव्हर कन्व्हर्ज्ड इथरनेट). त्याची दुसरी आवृत्ती यूडीपीच्या 4791 पोर्टवर चालते. तिला पॅकेट गळलेलं सोसत नाही, वेग कोसळतो. त्यामुळे गर्दी झाली की पाठवणाऱ्याला थांबवणारा प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल दोन्ही सर्व्हरवर आणि मधल्या प्रत्येक स्विचवर जुळवायचा. एक स्विच राहिला तरी एरर येत नाही, नुसतं हळू चालतं.

हळूवरून आठवलं. सगळं झाल्यावर आम्ही आयबी-राइट-बीडब्ल्यू या चाचणीने वेग मोजला. कार्ड 100 चं, आकडा पन्नाशीच्या थोडाच पुढे. ड्रायव्हर बदलले, फर्मवेअर बदललं. शेवटी स्लॉटमधल्या कार्डांची माहिती देणाऱ्या एलएसपीसीआयमध्ये नीट पाहिलं, तर कार्ड 16 लेनचं, म्हणजे डेटाच्या 16 वाटांचं, आणि स्लॉटने दिलेल्या आठच. पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे या स्लॉटच्या, तिसऱ्या पिढीत आठ लेनमधून 63 गिगाबिटच जातात, त्यातही पॅकेटांच्या हेडरचा खर्च वेगळा. कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं, आकडा नव्वदीपार गेला.