४८ मिनिटांचा ‘रायनॉक्स’

हा जो माणूस बघताय ना, वाढलेली दाढी, काळा चष्मा, जाईल तिथे लोकांवर खेकसणारा, याचं नाव बॉसवेल मार्श. आणि हा दुसरा, टापटीप सूटबूट, रायनॉक्स कंपनीचा मालक, एफ. एक्स. बेनेडिक. मार्श बेनेडिकच्या जिवावर उठलाय. दोघांनाही नीट लक्षात ठेवा.

सिनेमा ‘रायनॉक्स’, साल १९३१, लांबी जेमतेम ४८ मिनिटं. दिग्दर्शक मायकेल पॉवेल, वय २६. हाच पॉवेल पुढे ‘ब्लॅक नार्सिसस’ आणि ‘द रेड शूज’ करणार आहे, पण आत्ता त्याच्या हातात ना पैसा ना वेळ.

झालं असं की ब्रिटनमधली थिएटरं हॉलिवूडच्या पिक्चरांनी भरून गेली होती, म्हणून १९२७ मध्ये सरकारने कायदाच केला, की थिएटरवाल्यांनी आणि वितरकांनी वर्षाला अमुक टक्के ब्रिटिश सिनेमे घ्यायचेच. मग काय, कोटा भरायला स्वस्तातले सिनेमे धडाधड निघायला लागले, लोक त्यांना कोटा क्विकी म्हणायचे. हिशोब फिल्मच्या लांबीवर, एका फुटाला साधारण एक पौंड! ४८ मिनिटं म्हणजे अंदाजे ४,३०० फूट, आता तुम्हीच गणित करा.

बहुतेकांनी नुसत्या पाट्या टाकल्या. पॉवेल आणि त्याचा अमेरिकन निर्माता जेरी जॅक्सन यांनी मात्र गोष्ट चांगली निवडली, तिथेच अर्धी लढाई जिंकली असं मला मनापासून वाटतं. फिलिप मॅकडोनाल्डची कादंबरी, १९३० ची, अगदी ताजी, आणि तिची रचना अशी की उपसंहार पहिल्या पानावर आणि प्रस्तावना शेवटी. पटकथेतही मॅकडोनाल्डचा हात होता.

आता पुढचं ऐकायचं नसेल तर व्हिडिओ इथेच थांबवा, आधी सिनेमा बघून या.

मार्श नावाचा कुणी माणूसच नाहीये. कंपनी बुडायला आलीय, बेनेडिकने स्वतःचा मोठा विमा काढलाय, आणि आत्महत्या केली हे कळलं तर पैसे हातचे जाणार, म्हणून त्याने स्वतःचा खुनीच उभा केला. दाढी लावून, चष्मा घालून तो लोकांशी मुद्दाम उर्मट वागतो, का, तर खून झाल्यावर पोलिसांनी विचारलं की प्रत्येकाला तो खडूस माणूस पटकन आठवला पाहिजे. मला तर ही अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वाईट वाटायला लावणारी गोष्ट वाटते, कारण एक बाप मुलासाठी कंपनी वाचवायला इतक्या थंड डोक्याने स्वतःचं मरण ठरवतोय.

दोन्ही भूमिका स्टुअर्ट रोमच्या. मूकपटांच्या काळात हा मोठा स्टार होता, वॉल्टन-ऑन-टेम्सच्या हेपवर्थ स्टुडिओत घडलेला. बोलपट आले तेव्हा त्याची चलती ओसरली होती. अशा माणसाच्या वाट्याला ही डबल भूमिका आली आणि त्याने ती जीव ओतून केली. जॉन ग्रिअर्सनसारख्या कडक समीक्षकाने तेव्हा या छोट्या सिनेमाचं भरभरून कौतुक केलं होतं.

नंतर बरीच वर्षं हा सिनेमा हरवलाच असं लोक धरून चालले होते. पॉवेलचा त्याच वर्षीचा पहिला सिनेमा ‘टू क्राउडेड अवर्स’ आजही सापडलेला नाही. ‘रायनॉक्स’ची प्रिंट मिळाली, म्हणून आपण बघू शकतोय.

आता मार्शचा तोच सीन परत लावतो. या वेळी डोळे मिटा आणि फक्त आवाज ऐका.