भाव लिहा, मग बाकीचं बोलू

तुम्ही मला सोशल मीडियावरच्या मार्केटिंगची आखणी सांगायला बोलावलंत. आखणीकडे येतोच, पण एक गोष्ट मनात फार साचलीय, ती आधी बोलू द्या. ताईंनो, दादांनो, पोस्टमध्ये मालाचा भाव लिहा.

माझी भाची सुरतला असते. आपली खानदेशी किती माणसं तिकडे आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. तिला ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपले वाळवणाचे पापड, पाठवायचे होते. फेसबुकवर आपल्याच भागातल्या बायांचं एक पेज सापडलं. फोटो काय सुरेख! खाटेवर ओलं धोतर, त्यावर ओळीनं बिबडे, कडा उन्हानं वर वळलेल्या, तीळ न् तीळ दिसतोय. आणि खाली ओळ, ‘भावासाठी इनबॉक्स करा.’ केलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ‘नंबर पाठवा.’ पाठवला. मग फोन, ‘किती पाहिजेत?’ म्हटलं, किलोचा भाव तर सांगा. ‘विचारून सांगते.’ तोवर भाचीनं तिकडेच कुणाकडून तरी घेतले. पहाटे उठून बिबड्यांच्या पिठाचा घाटा शिजवणाऱ्या बायांची विक्री अशी हातची गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

भाव दिसला तर शेजारीण दोन रुपयांनी कमी लावेल, ही भीती मी गावोगाव ऐकतो. अहो, शेजारणीला तुमचा भाव आजही पाठ आहे. माहीत नाही तो सुरतच्या गिऱ्हाइकाला! त्याला भाव, वजन, कुरिअरचा खर्च आणि माल कधी पोचेल, एवढं एका नजरेत कळलं पाहिजे. ते न सांगता आपण दर सणाला मालकाच्या फोटोचं शुभेच्छांचं बॅनर टाकतो. त्यात माल कुठेच नसतो.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा आखणी भराभर सांगतो.

आधी गिऱ्हाईक ठरवा. ते गावातलंच असेल तर गुगलवर दुकानाची नोंद, खरी वेळ आणि ताजे फोटो ठेवा. बाहेरगावचं खानदेशी माणूस हवं असेल तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर अहिराणीत बोला. ऑर्डर घ्यायला व्हॉट्सॲप बिझनेस आहे, २०१८पासून, फुकट. त्यातला कॅटलॉग, म्हणजे मालाची फोटोंसकट यादी, भावासकट भरा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला, मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी घाला.

मग हंगाम बघा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते पोस्टमध्ये सांगा. थंडीत पराट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगं भाजताना साल तडकते, ते तीस सेकंदांचं रील करा, आवाज तोच ठेवा, वर गाणं नको. पापड-बिबड्यांची ऑर्डर मात्र वाळवण सुरू होण्याआधीच घ्यायला लागा.

जाहिरातीचे पैसे आपोआप चाललेल्या पोस्टवरच लावा, आणि तेही सुरत, पुणे अशी शहरं निवडून. लाइक मोजत बसू नका. ‘आमचं कुठून कळलं?’ हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून वहीत लिहा, परत कोण आलं तेही लिहा. दोन महिन्यांनी त्या वहीवरूनच ठरवा, कुठे पोस्ट करायचं आणि कुठलं बंद करायचं.

वेळ संपली. ज्यांना कॅटलॉग आत्ताच भरायचाय त्यांनी फोन घेऊन पुढे या, मी थांबतो.