फूट-फीटला अपवाद का म्हणायचं?

शाळेत इंग्रजीची अनेकवचनं आपण दोन हप्त्यांत शिकलो. आधी नियम: एस लावा, नाहीतर ईएस लावा. मग अपवादांची यादी: फूट-फीट, टूथ-टीथ, चाइल्ड-चिल्ड्रन, ऑक्स-ऑक्सन. घोका आणि गप्प बसा. माझं म्हणणं असं की ही यादी जुन्या नियमांची आहे. नियम गेले, त्यांचे थोडे शब्द मागे राहिले.

फूट घ्या. दीड हजार वर्षांपूर्वी तो 'फोट' होता, ओ चांगला लांबवलेला. अनेकवचनाच्या प्रत्ययात 'इ' असे, म्हणजे साधारण 'फोटि'. आता बसल्या जागी 'ओ' म्हणा, मग 'इ' म्हणा. ओ म्हणताना जीभ मागे असते, इ म्हणताना पुढे येते. पुढे इ येणारच आहे म्हणून जीभ ओच्या वेळीच पुढे सरकायला लागली. फोटिचं हळूहळू 'फेटि' झालं. मग तो इ गळाला आणि 'फेट' उरलं. ज्याच्यामुळे बदल झाला तोच गायब! पुढे पंधराव्या शतकाच्या आसपास इंग्रजीचे दीर्घ स्वर वर चढले आणि फोट-फेटचे फूट-फीट झाले. टूथ आणि गूसचंही हेच. आपणही मूल-मुलं, पाऊल-पावलं म्हणताना शब्दाच्या आत बदल करतोच. पण आपला प्रत्यय शाबूत आहे, म्हणून कुणाला खटकत नाही.

'बुक'चंही जुनं अनेकवचन 'बेच' होतं. सुटलो म्हणायचं.

चिल्ड्रनची गोष्ट वेगळी. चाइल्डला पूर्वी 'र'चा प्रत्यय लागून 'चिल्डर' व्हायचं. हा र अनेकवचनाचा आहे याचा लोकांना विसर पडला आणि त्यांनी वर आणखी 'एन' चढवला. अंड्यांचं 'आयरन' तसंच घडलेलं, दोनदा अनेकवचन केलेलं. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये इंग्लंडात पहिला छापखाना काढला. त्यानं 1490 च्या एका प्रस्तावनेत किस्सा दिलाय. वारा पडला म्हणून काही व्यापारी केंटच्या किनाऱ्यावर उतरले. एकानं तिथल्या बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! दुसऱ्यानं 'आयरन' म्हटल्यावर बाईला उमगलं. एग हा स्कँडिनेव्हियातून आलेला शब्द, त्याला साधा एस लागायचा. शेवटी तोच टिकला.

मग फीट आणि चिल्ड्रन का टिकले? ते रोज तोंडात असतात. माणसं, मुलं, पाय, दात, घरातले उंदीर: हे शब्द पोर नियम कळण्याआधीच ऐकून उचलतं. क्वचित लागणाऱ्या शब्दांचं जुनं रूप आठवत नाही, मग एस लावून मोकळं व्हायचं. शीपला तर आधीपासूनच प्रत्यय नव्हता. आपल्या 'एक हात, दोन हात'सारखं, त्यात नवल काही नाही.

उलटा प्रकारही होतो. आपल्याकडे लोकलमध्ये 'एक लेडीज उतरली' म्हणतात आणि इंग्रजीचे मास्तर कपाळाला हात लावतात. इंग्रजांकडे वाटाण्याला 'पीज' हे एकवचनच होतं. शेवटचा आवाज अनेकवचनाचा वाटला, म्हणून सतराव्या शतकात लोकांनी तो काढून 'पी' हे नवं एकवचन पाडलं. नॉर्मन फ्रेंचमधून आलेल्या 'चेरीज'चाही शेवट असाच छाटला गेला, आणि चेरी उरली.

आता प्रश्न घेऊ.